म्हशीचं काय झालं?

नमस्कार,

मी 43 वर्षांची आहे. माहेर गडहिंग्लजकडचं, लग्नानंतर कोल्हापुरात. एका पतसंस्थेत नोकरी करते. सहा वर्षांपासून कथा लिहिते आहे, अकरा लिहून झाल्या. मिस्टरांना, बहिणीला, ऑफिसमधल्या मैत्रिणींना त्या खूप आवडतात. आईच्या ट्रंकेवर लिहिलेली कथा वाचून तर बहीण रडली. पण तीन वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवते आहे. दोन 'साभार परत' आल्या, बाकीच्यांचं उत्तरही नाही.

वाचनालयात ओळख झालेले तिघं जण दर पंधरा दिवसांनी एकत्र बसून एकमेकांचं कच्चं लिखाण वाचतात. त्यांनी मलाही बोलावलं. मी एकदा गेले आणि कथेचं पहिलं पान वाचलं. त्यांच्यातले एक गृहस्थ पुण्याचे, निवृत्तीनंतर इकडे आलेले. ते म्हणाले, "बाई 'मी जातो' कशी म्हणेल? व्याकरण बघा जरा." घरी येऊन मी कागद कपाटात ठेवून दिले. पाच वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात एका नावाजलेल्या माणसानं माझ्या कथेची सगळ्यांसमोर टर उडवली होती. त्यानंतर आठ महिने मी पेन हातात धरलं नव्हतं. पुन्हा तसंच होईल अशी भीती वाटते. शिवाय छापून यायच्या आधीच कथा दाखवली आणि कुणी कल्पना उचलली तर? मिस्टर म्हणतात, "निंदकाचे घर असावे शेजारी, जा तू." मी जाऊ का? आणि गेले तर काय घेऊन जाऊ?

– कळंब्याची एक वाचक

ताई,

जा. पत्र वाचून झाल्याबरोबर मनात आलेला पहिला शब्द हाच. आता का आणि कसं, ते जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही जिथं अडलात तिथं मीही अडलो होतो.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर तुम्ही बघितला असेलच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात गेली, माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. गोठ्यातली जनावरं सोडून निघायला कितीतरी जण तयार नव्हते. त्या दिवसांत मी आणि माझी पत्नी चाऱ्याच्या गाडीबरोबर फिरत होतो. पुढं दोन-अडीच वर्षांनी मी त्यावर एक कथा लिहिली. चिखलीतली एक म्हातारी, एकटी राहणारी, मुलं पिंपरीला. दारात बोट येते. म्हातारी गोठ्यात जाते, म्हशीचं दावं सोडते, बोटीत बसते. शहरातल्या एका मंगल कार्यालयात तिला आणून सोडतात. कुणीतरी हातात चहाचा कप देतं आणि तिचा बांध फुटतो. बारा पानं झाली होती. पत्नीनं वाचली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भावानं वाचली, रात्री फोन करून म्हणाला, "दादा, जबरदस्त लिहिलंयस." मी ती पाठवायच्या तयारीत होतो.

त्याच आठवड्यात आमची बैठक होती. मंगळवार पेठेत एकाच्या घराच्या माडीवर आम्ही चौघं बसायचो. त्यात करवीर तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी पेन्सिल हातात धरून बारा पानं वाचली, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "म्हशीचं काय झालं?"

मी म्हणालो, "सर, गोष्ट म्हशीची नाही. म्हातारीची आहे."

"ते कळलं मला. पण हिनं दावं सोडलं, बोटीत बसली, कार्यालयात आली, चहा घेतला. एवढ्या वेळात एकदा तरी मागं वळून बघितलं का? तुम्हीच लिहिलंय, बारा वर्षं हिचं घर त्या म्हशीच्या दुधावर चाललं. गोठा असलेली बाई अशी नसती." मग त्यांनी तिसरं पान उघडलं आणि एका ओळीवर पेन्सिल ठेवली. "आणि हे बघा. 'खुंटीचं दावं सोडलं.' पुरात खुंटीचं सोडायचं नसतंय. गळ्याचं सोडायचं. नाहीतर दावं पाण्यात झाडाझुडपाला अडकतंय आणि जनावर बुडून मरतंय. आमच्या आईनं शिकवलेलं."

मला राग आला होता. सरळ घरी न जाता रंकाळ्याला एक पूर्ण फेरी मारली. रात्री तिसरं पान काढून बसलो आणि जे दिसलं त्यानं अंगावर काटा आला. ती म्हैस मला अगदी ठळक दिसत होती. पाण्याच्या वर फक्त नाक आणि शिंगं, ती बोटीच्या मागं मागं पोहत येतेय, मग प्रवाहानं बाजूला जातेय. लिहिताना हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. म्हातारी का रडते हे मला माहीत होतं, कारण मी म्हैस बघत होतो. कागदावर मात्र ती म्हैस तिसऱ्या पानानंतर नव्हतीच. माझ्या डोक्यात पोहत होती, पानावर उतरलीच नव्हती.

आणि पत्नीच्या डोळ्यांत पाणी का आलं? ती माझ्याबरोबर चाऱ्याच्या गाडीवर होती. तिनंही ती शिंगं पाण्यावर बघितली होती. मी न लिहिलेलं तिनं स्वतःच्या आठवणीतून भरून घेतलं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्यापुरती कथा पूर्ण होती.

ताई, आता तुमच्या ट्रंकेकडे या. बहीण रडली, ते रडणं शंभर टक्के खरं आहे. पण ती ट्रंक तिनं उघडलेली आहे. आत डांबरगोळ्यांचा वास येतो की जुन्या लुगड्यांचा, झाकण उघडताना कुठली बिजागरी करकरते, तळाशी वर्तमानपत्राखाली आई काय लपवून ठेवायची, हे सगळं तिला ठाऊक आहे. तुम्ही एक शब्द लिहिला की तिच्या मनात दहा उभे राहतात. मुंबईतल्या संपादकाच्या टेबलावर तुमची कथा जाते तेव्हा त्याच्याकडे फक्त तुम्ही लिहिलेला तो एक शब्द असतो. उरलेले नऊ पानावर आहेत की बहिणीच्या मनातच राहिलेत, हे तुम्हाला स्वतःला कळणं जवळजवळ अशक्य आहे. हुशारीचा इथं प्रश्नच नाही. आपल्याच डोळ्यांना जे दिसतंय ते कागदावर नाही हे त्याच डोळ्यांनी कसं दिसावं? त्यासाठी दुसरी नजर लागते. ती परकी हवी आणि वाचायची सवय असलेली हवी. स्वतः लिहिणारी असेल तर फार बरं, कारण वाक्य कुठं लंगडतंय हे त्या माणसाला नेमकं बोट ठेवून दाखवता येतं.

पूर्वी हे काम काही संपादक करायचे. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याबद्दल जुने लेखक आजही भरभरून सांगतात. पटवर्धन लेखकाला सविस्तर पत्र लिहायचे, काय जमलं नाही ते नेमकं सांगून कथा पुन्हा लिहायला लावायचे. ते मासिक 1982 मध्ये बंद पडलं. आज दिवाळी अंक काढणारे बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून ते करतात, पावसाळ्यात त्यांच्याकडे कागदांचा ढीग येऊन पडतो. 'तुमच्या सातव्या पानावर नायिका अचानक का गप्प होते?' असं पत्र लिहायला त्यांच्यापाशी वेळच नसतो. उत्तर न येणं याचा अर्थ कथा वाईट असा लावू नका. पण ते सातवं पान कुणीतरी दाखवायला हवंच ना? ते आता तुमचे तिघं दाखवतील. दुसरं कोण दाखवणार?

आता त्या 'मी जातो'बद्दल. हे मला जरा मोकळेपणानं लिहू दे, कारण इथं माझा जीव गुंतलेला आहे.

आपल्याकडच्या बायका 'मी जातो', 'मी आलो', 'जेवलो मी मगाशीच' असंच बोलतात. माझी आई बोलायची, आत्या बोलायची, भाजी विकायला येणारी मावशी आजही बोलते. ती आपली बोली आहे आणि ती लिहिताना कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी आणि कागलच्या आनंद यादवांनी या मातीतली बोली छापील पानावर आणली आणि ती अख्ख्या महाराष्ट्रानं वाचली. तेव्हा व्याकरण म्हणून ते गृहस्थ चुकले. साफ चुकले. तुमच्या बाईच्या तोंडचं 'मी जातो' अजिबात बदलू नका.

पण तेवढ्यावर कागद कपाटात ठेवू नका, कारण त्यांच्या चुकीतूनही तुम्हाला एक गोष्ट मिळाली आहे. ते अडखळले, ही बाब खरी आहे. का अडखळले? मी तुमचं पान वाचलेलं नाही, पण एक शंका येते. कथा संवादानं सुरू होते का? बोलणारी बाई आहे, ती गडहिंग्लजकडच्या खेड्यातली आहे, हे पहिल्या वाक्याच्या आधी कुठं आलंय का? नसेल तर नागपूरच्या किंवा जळगावच्या वाचकाला तिथं पुरुष बोलतोय असंच वाटणार. मग पाच ओळींनी कळतं की बोलणारी बाई आहे, वाचक मागं जातो, पुन्हा वाचतो आणि तेवढ्यात कथेतून बाहेर पडतो. उपाय साधा आहे. आवाजाच्या आधी बाईला पानावर आणा. तिला पदर खोचू दे, चुलीपुढनं उठू दे, दारातल्या लेकराला हाक मारू दे, आणि मग म्हणू दे, "मी जातो आता." पुण्याच्या माणसाच्याही कानाला ते मग खटकणार नाही, उलट आवडेल. आणि पुढच्या वेळी कुणी असं काही म्हणालं तर वाद न घालता एवढंच विचारा, "तुम्हाला कळलं नाही की पटलं नाही?" कळलं नाही म्हणाले तर तो तुमचा प्रश्न, त्यावर काम करा. पटलं नाही म्हणाले तर तो त्यांचा.

जाता जाता आणखी एक. गडहिंग्लजच्या बोलण्यात कानडीचा जो हेल आहे, तो आमच्या पेठांतल्या माणसांच्या तोंडी नाही. चंदगडचं बोलणं तर आणखी निराळं. तेव्हा बोली बरोबर उतरली का, हे बघायला माहेरकडचं कुणीतरी एक माणूस धरा. त्याला फक्त संवाद वाचून दाखवायचे, बाकी काही विचारायचं नाही.

टर उडवणाऱ्याचं दुखणं मला कळतं. माझ्याही बाबतीत तरुणपणी एका व्यासपीठावर तसं झालं होतं आणि त्या संध्याकाळचा पंख्याचा आवाजसुद्धा मला अजून आठवतो. पण एक करून बघा. त्या माणसानं काय म्हटलं होतं ते आठवा आणि त्यातल्या एखाद्या तरी वाक्यामुळं तुम्हाला कथेतली एखादी ओळ दुरुस्त करता आली असती का, ते बघा. मला तरी माझ्या बाबतीत असं एकही वाक्य सापडलं नाही. तो माणूस समोरच्या खुर्च्यांशी बोलत होता, माझ्या कथेशी त्याचा संबंधच नव्हता. आमचे सर पेन्सिल पानावर ठेवून बोलले. म्हणून मिस्टरांना सांगा, म्हण छान आहे पण इथं बसत नाही. निंदकाला तुमची म्हातारी खरी उतरली काय, न उतरली काय, दोन्ही सारखंच. सरांना ती खरी उतरायला हवी होती, त्यांना तिची काळजी वाटत होती. असं माणूस शेजारी असावं.

चोरीची भीती मात्र मी दोन वाक्यांत बाजूला ठेवणार आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहून झाली की तिचा हक्क आपोआप तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. संरक्षण तुमच्या लिहिण्याला असतं, नुसत्या कल्पनेला नसतं, हे खरं. पण 'आईची ट्रंक' ही कल्पना दहा जणांना दिली तर दहा वेगळ्या कथा येतील आणि तुमची त्यांतली एकही नसेल. प्रत्येक मसुद्यावर तारीख घाला, फाइल जपून ठेवा आणि हा विषय सोडून द्या.

त्यापेक्षा केव्हा दाखवायचं हे जास्त महत्त्वाचं. इथं मला लहानपणीचं गुऱ्हाळ आठवतं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस उकळायला लागला की भेंडीचा रस घालायचे, मग मळी वर यायची आणि माणसं झाऱ्यानं ती काढत राहायची. हे सगळं रस उकळत असतानाच करायचं. गूळ करणारा गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघायचा आणि मग काहील उतरायची. एकदा ढेप बसली की आत राहिलेली मळी कुणाच्या बापाला काढता येत नाही. कथेचंही मी तसंच बघितलंय. पहिला खर्डा कुणालाही दाखवू नका, तो अजून रसच आहे. कुणी काही बोललं तर तुम्ही मध्येच थांबाल आणि शेवटापर्यंत पोचणारच नाही. शेवटापर्यंत लिहा, आठवडाभर ठेवा, एकदा स्वतः हात फिरवा आणि मग दाखवा. पण सहा वेळा घासून, सुबक टाईप करून, 'आता यात काही बदलायचं नाही' असं मनात पक्कं करूनही नेऊ नका. मग तुम्ही मत मागायला जात नाही, शाबासकी घ्यायला जाता. मी ती बारा पानं तशीच घेऊन गेलो होतो. राग आला तो त्यामुळंच.

बैठकीत कसं बसायचं याबद्दल आमच्या माडीवर दोन गोष्टी ठरलेल्या होत्या आणि त्या मला अजूनही सोन्याच्या वाटतात. एक म्हणजे आपली कथा आपण वाचायची नाही, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची. आपण वाचलं की आवाजानं सगळं झाकलं जातं, जिथं वाक्य लुळं आहे तिथं आपण गळ्यातून जोर लावतो. दुसरा वाचताना अडखळतो, श्वास चुकतो, एखादं वाक्य दोनदा सुरू करतो. तिथं तिथं गुपचूप टिंब द्यायचं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले. समोरचा माणूस कुठं खुर्चीत चुळबुळ करतो हे त्यांना जागेवर दिसत होतं. आपल्याला तेवढी गर्दी नको, तीन माणसांची चुळबुळ पुरते.

दुसरी गोष्ट अवघड आहे. तुमच्या कथेवर चर्चा चालू असताना तुम्ही बोलायचं नाही. एक शब्दही नाही. 'माझा हेतू असा होता की' हे वाक्य ओठांवर येतं, ते गिळायचं. तुम्ही प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन हेतू सांगणार आहात का? पानावर असेल तेवढंच. मला हे जमायला वर्ष लागलं. गप्प बसायला अवघड जाईल म्हणून हातात वही ठेवा आणि पटो न पटो, सगळं लिहून घ्या. आज जे चूक वाटतं ते आठ दिवसांनी वेगळं दिसतं.

आणि 'कशी वाटली?' असं विचारूच नका. या प्रश्नाला मराठी माणूस 'छान' एवढंच उत्तर देतो, ते त्याच्या संस्कारातच आहे. त्याऐवजी म्हणा, "गोष्ट काय झाली ते मला सांगा." तिघंही आपापल्या शब्दांत सांगतील. एक जण ट्रंकेतल्या पत्राचा उल्लेखच करणार नाही, आणि तुमच्या मते तर सगळी कथा त्या पत्रावर उभी असेल. तर समजून घ्या, ते पत्र पानावर नीट आलेलं नाही. दुसरी कुणी म्हणेल, "थोरल्या मुलीला आईचा राग होता, बरोबर?" आणि तुम्हाला तो राग लिहिताना ठाऊकच नसेल. असं झालं की घरी जाऊन कथा पुन्हा वाचा. कधी कधी तो राग खरंच तिथं असतो आणि कथा त्याच्यात असते. शिवाय एवढं विचारा की कंटाळा कुठं आला. मनावर घेऊ नका, पेन्सिलीनं समासात रेघ मारायला सांगा. तिघांची रेघ एकाच परिच्छेदाशेजारी आली तर तो परिच्छेद काढून टाका, मग तो तुमचा कितीही लाडका असो. एकाचीच असेल तर ठेवा.

सांगितलेलं सगळं ऐकायचं, पण सगळं करायचं नाही. म्हशीचं पुढं काय झालं तेही सांगतो. सरांचं म्हणणं होतं की शेवटी म्हैस परत यावी, पूर ओसरल्यावर तिनं दारात हंबरावं. ते काही मला पटलं नाही. पण त्यांनी सांगितलेली गळ्याच्या दाव्याची गोष्ट डोक्यातून जाईना. दावं गळ्यातनं काढलं म्हणजे ते म्हातारीच्या हातात राहिलं! मग ती ते टाकेल कशी? मी कथा चार वेळा पुन्हा लिहिली. आता म्हातारी कार्यालयात येते तेव्हा ते ओलं दावं तिच्या मनगटाला गुंडाळलेलं आहे. एक मुलगी चादर घेऊन येते, म्हणते, "आजी, हे द्या इकडं, वाळत घालतो." म्हातारी मूठ आवळून घेते. रडणं मी काढून टाकलं. चहाचा कप तसाच राहतो. ही कथा पुढं छापून आली. सरांना अंक नेऊन दिला, त्यांनी वाचला आणि म्हणाले, "म्हैस आणायला पाहिजे होती." ते त्यांचं मत, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं आणि आमची दोस्तीही.

तिघांसारखं लिहायला लागेन की काय, अशी शंका पत्रात नाही, पण पुढं कधीतरी येईल म्हणून लिहितो. पुण्यात 1923 मध्ये रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आणि त्यांचे सोबती एकत्र बसून एकमेकांना कविता वाचून दाखवत. इतकं एकत्र राहूनही माधव जूलियन गझलेकडे गेले, यशवंत आणि गिरीश आपापल्या वाटेनं लिहीत राहिले. कवितेची ओळ वाचली की कुणाची ते कळतं.

एक मात्र तुम्हाला द्यावं लागेल. त्या तिघांचं लिखाण तुम्हीही तितक्याच मन लावून वाचायचं. आपली कथा वाचून घेतली आणि दुसऱ्याच्या वेळी मोबाइल बघत बसलं, असं चालत नाही. आधी काय मनात राहिलं ते सांगा, अगदी एखादी ओळ का असेना, ती वाचून दाखवा. मग कुठं अडलं ते सांगा. दुसऱ्याची कथा आपल्या पद्धतीनं लिहून देऊ नका, तिथं आपला हात आवरायचा. त्या पुण्याच्या काकांची कथा वाचाल तेव्हा मनातलं 'मी जातो' बाजूला ठेवून वाचा. त्यांनाही त्यांच्या पानावर न उतरलेलं काहीतरी नक्की आहे आणि ते तुम्हालाच दिसेल, कारण तुम्ही पुण्याच्या नाही. मला कथेतले माझे स्वतःचे दोष सगळ्यात लवकर दिसले ते दुसऱ्याच्या कथेत.

कधी ही माणसं सुटली, कुणाची बदली झाली, कुणी आजारी पडलं, तर थांबू नका. भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिर आहे, संस्था 1850 पासूनची. तिथल्या टेबलांवर एक तरी माणूस असा असतो, ज्याच्या पिशवीत स्वतःचे लिहिलेले कागद असतात. दसरा चौकात शाहू स्मारकला कार्यक्रम संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर रेंगाळणारेही तेच. तीन-चार जण पुरेत. आठ-दहा झाले की कुणाचंच नीट वाचून होत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, काय घेऊन जाऊ. ट्रंकेचीच कथा न्या. अकरातली सगळ्यात चांगली म्हणून नको, पण ती बहिणीला सगळ्यात जास्त आवडली आहे, म्हणूनच तिच्यात न लिहिलेलं सगळ्यात जास्त असणार. चार झेरॉक्स काढा, कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत भरपूर जागा सोडून आणि उजवीकडे रुंद समास ठेवून. पानांना आकडे घाला, नाहीतर 'ते कुठंसं म्हणालात ना' यातच अर्धा वेळ जातो. पहिल्या पानावर वर कथेचं नाव आणि तारीख, बाकी प्रस्तावना काही नको. वाचायला त्या पुण्याच्या काकांना द्या. आणि पेन्सिली तुमच्याच न्या, चार, टोक केलेल्या.